चिठ्ठी आधी, ऑईल नंतर

पुरवणी जबाब

जबाब देणाराचे पूर्ण नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे. सगळे मिस्त्री म्हणतात. वय चोपन्न वर्षे. धंदा दुचाकी दुरुस्ती, स्वतःचे गॅरेज, एकोणतीस वर्षे झाली. राहणार गॅरेजच्या वरच्या मजल्यावर.

मी आज रविवार, तारीख अठ्ठावीस रोजी, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, काही विचारल्यावरून आणि काही न विचारताही, लिहून देतो की,

माझ्या घरी मी आणि माझी बायको असे दोघे राहतो. तेवीस तारखेच्या माझ्या पहिल्या जबाबात तिघे असे लिहिले आहे. तेवढे दुरुस्त करून घ्यावे.

मुलीचे नाव, वय सव्वीस, हे पहिल्या जबाबात आहेच. लेखनिक हवालदार आता प्रत्येक ठिकाणी 'मयत' असे लिहीत होते. कायद्याने तसेच लिहावे लागत असेल तर लिहावे, माझी ना नाही. पण मी बोलताना ठकीच म्हणणार. घरी आम्ही तिला ठकीच म्हणत असू. मोठी झाल्यावर तिने चारदा भांडण काढले की आता तरी नीट नावाने हाक मारा, गिऱ्हाईक हसतात. आम्ही काही मनावर घेतले नाही.

पहिला जबाब माझा दवाखान्याच्या बाकावर झाला. त्यात मी असे सांगितले आहे की, ठकीची मोटारसायकल ठणठणीत होती, सतरा दिवसांपूर्वी म्हणजे सहा तारखेला मी स्वतः तिचे ऑईल बदलले होते, सीटखाली माझ्या हाताची चिठ्ठी आहे ती बघून घ्या. आणि मागून येणारा टेम्पोचालक म्हणतो की पुढची गाडी चालता चालता जागच्या जागी थांबली, ते साफ खोटे आहे, तो स्वतःची कातडी वाचवतो आहे. त्याला सोडू नका, असेही मी म्हणालो आणि तेही लिहायला लावले. त्या जबाबातले ऑईलचे वाक्य खोटे आहे. सांगताना ते खोटे आहे हे मला माहीत नव्हते. आता माहीत आहे, म्हणून आलो आहे.

हे कसे झाले ते समजायला माझ्या गॅरेजची पद्धत सांगावी लागेल. प्रत्येक गाडीच्या सीटखाली मी एक चिठ्ठी चिकटवतो. तारीख, किलोमीटर, ऑईल बदलले, सही. ही चिठ्ठी मी काम करण्याआधी लिहितो. कारण साधे आहे. ऑईल काढल्यावर हात काळे होतात, मग पेन घसरते, कागद माखतो आणि चिठ्ठी चिकटत नाही. एकदा हात काळे झाले की मी दिवसभर धूत नाही, साबणाने काही निघत नाही, उगाच वेळ जातो. म्हणून चिठ्ठी आधी, ऑईल नंतर. गुरूने शिकवले नव्हते, माझी मीच काढलेली युक्ती. एकोणतीस वर्षांत कधी गडबड झाली नाही, निदान कानावर तरी आली नाही. आता ते छातीठोकपणे सांगता येणार नाही.

दुसरे असे की गिऱ्हाइके आपापल्या वेळेने येतात. मी गाडीखाली असतो, कोणाशी बोलत बसायला मला जमत नाही आणि आवडतही नाही. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवले आहे की किल्ली खिळ्यावर असते, सीट उचलून चिठ्ठी बघायची, आजची तारीख असली तर गाडी घेऊन जायचे, मला विचारायचे नाही. कोणी तरीही विचारले तर मी चिडतो. चिठ्ठी वाचता येत नाही का, असे म्हणतो. ठकीने हे लहानपणापासून ऐकलेले आहे.

तिसरा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. गिऱ्हाइकाची गाडी आधी, घरची नंतर.

तारीख सहा, शनिवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी ठकीची गाडी आत घेतली. शेल्फवरून ऑईलचा नवा डबा काढला. कोणता डबा कोणत्या गाडीचा हे कळावे म्हणून डब्यावर कागद अडकवतो, तसा 'ठकी' लिहून अडकवला. मग सीटखालची चिठ्ठी लिहिली. तारीख सहा, किलोमीटर चव्वेचाळीस हजार तीनशे पन्नास. चिकटवली. तेवढ्यात एक शाळामास्तर क्लचची तार तुटलेली गाडी ढकलत आले. घामाने निथळत होते, बाराला त्यांची परीक्षेवर ड्युटी होती. मी ठकीची गाडी भिंतीला लावली, डबा टेबलावर अडचण करत होता तो शेल्फवर मागे सारला आणि मास्तरांची तार घातली. मास्तरांचा यात काही दोष नाही. ते गेल्यावर दुसरी गाडी आली, मग तिसरी.

दोनच्या सुमारास ठकी जेवून खाली आली. मी एका गाडीखाली पडलो होतो. तिने सीट उचलली, चिठ्ठी बघितली, किल्ली घेतली आणि गेली. सीट बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. तिने मला काही विचारले नाही. विचारायचे नाही असेच सांगितलेले होते.

ठकीचे काम असे की, एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवतात, तिथे ती होती. दंतवैद्यांकडून लोकांच्या दातांचे साचे गोळा करून आणायचे आणि तयार कवळ्या पोचवायच्या. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर गाडी पळायची. ती म्हणायची, या शहरातल्या निम्म्या लोकांचे हसू माझ्या पिशवीतून गेले आहे. कोणी ओळखीचे हसले की ती मला कोपर मारून हळूच सांगायची, वरचे पुढचे चार आपले. लेखनिक विचारतात हे लिहू का. लिहा.

गाडी बारा वर्षे जुनी आहे आणि ऑईल पिते. म्हणजे चालता चालता थोडे थोडे जाळते. अशा गाडीचे तीन हजार किलोमीटरला ऑईल बदलावे लागते आणि मधेही पट्टी काढून बघावे लागते. पट्टी म्हणजे झाकणाला असलेली खुणेची काडी, ऑईल कुठवर आहे ते तिच्यावर दिसते. काढायची, पुसायची, बुडवायची, बघायची. अर्धा मिनिट लागतो. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितले आहे की ते मला टाळतात.

तारीख एकोणीस, शुक्रवार. संध्याकाळी सहाला ठकी गाडी घेऊन गॅरेजच्या दारात थांबली. इंजिनातून टिकटिक येते, दुपारी जास्त येते, असे म्हणाली. मी ऐकली. टिकटिक होती. मी सीट उचलली, चिठ्ठी बघितली. अक्षर माझे, सही माझी, तारीख सहा. मी म्हणालो, तेरा दिवसांपूर्वी तर ऑईल बदलले आहे, इंजिनातले टॅपेट थोडे सैल झाले असतील, त्याचाच आवाज, रविवारी करून देतो. मी पट्टी काढली नाही. माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणा मिस्त्रीची चिठ्ठी असती तर हमखास पट्टी काढली असती आणि त्याला दोन शिव्याही घातल्या असत्या.

त्या वेळी ठकी जे बोलली ते तिच्या शब्दांत लिहावे. ती म्हणाली, "बाबा, मी गिऱ्हाईक असते ना, तर तुम्ही आत्ता उघडून बघितलं असतंत." ती हसत म्हणाली. मीही हसलो.

एकवीस तारखेच्या रविवारी गॅरेजमध्ये नऊ गाड्या होत्या. मी तिला म्हणालो, आज होत नाही, पुढच्या रविवारी नक्की. तो पुढचा रविवार आज आहे.

तारीख तेवीस, मंगळवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उड्डाणपुलाच्या उतारावर काय घडले ते पंचनाम्यात आहे. मी तिथे नव्हतो. मला फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या चाकात हवा भरत होतो. हवा पूर्ण भरली, झाकण लावले आणि मग गेलो.

पंचनामा मला आज इथे वाचायला मिळाला. त्यात रस्त्यावर मागच्या चाकाच्या घसटीची खूण अकरा फूट आणि त्यापुढे खूण नाही असे लिहिले आहे. ठाण्याच्या साहेबांना याचा उलगडा झाला नव्हता म्हणून सांगतो. इंजिनात ऑईल नसले की पिस्टन तापून फुगतो आणि आतल्या आत अडकतो. चाक इंजिनाला जोडलेले असते, म्हणून मागचे चाक जागेवर गच्च होते. ब्रेक दाबलेला नसतो म्हणून मागचा लाल लाइट लागत नाही, मागून येणाऱ्याला काहीही कळत नाही. अशा वेळी एकच उपाय असतो, क्लच दाबायचा. क्लच दाबला की चाक मोकळे होते. हे मी ठकीला गाडी शिकवताना सांगितले होते, ती सतरा वर्षांची असताना, मैदानात, पन्नास वेळा करून घेतले होते. घसट अकरा फुटांवर थांबते याचा अर्थ तिने क्लच दाबला. अकरा फूट म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ. तिने जे करायचे ते बरोबर केले. तोपर्यंत टेम्पो येऊन पोचला होता.

टेम्पोत पाण्याचे भरलेले जार होते. उतारावर तेवढ्या अंतरात भरलेला टेम्पो कोणालाच थांबवता आला नसता. मला आला नसता, साहेबांना आला नसता. चालक सांगतो ते खरे आहे. गाडी जागच्या जागी थांबली.

गाड्या तपासणाऱ्या साहेबांनी गाडी बघितली तेव्हा किक सहज खाली गेली, कारण इंजिन गार झाल्यावर पिस्टन पुन्हा सुटतो. ब्रेक चांगला, टायर चांगले, सीटखाली चिठ्ठी ताजी. म्हणून त्यांनी गाडीत दोष नाही असे लिहिले आणि त्या कागदावर टेम्पोचालक आत बसला आहे. साहेबांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली. मीही तेच केले होते.

ठकीच्या पिशवीतले दातांचे साचे शाबूत होते. तीन डबे. ते मी चोवीस तारखेला प्रयोगशाळेत पोचते केले. त्या लोकांच्या कवळ्या खोळंबल्या असत्या.

तारीख सत्तावीस, शनिवार, म्हणजे काल. मी गॅरेज उघडले होते. चार दिवस बंद होते आणि घरात बसवत नव्हते. अकराच्या सुमारास टेम्पोचालकाचे वडील आले. त्यांना मी आधी कधी बघितले नव्हते. सत्तरीचे असतील. जुनी मोटारसायकल दारात उभी केली, बंद केली नाही, हँडल धरून तसेच उभे राहिले. मी अमक्याचा बाप, एवढेच म्हणाले. मुलाचा डावा हात मोडला आहे, लोकांनी तिथेच मारले, आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, असे त्यांनी सांगितले. ती गोष्ट काय, ते मी विचारले नाही. मला माहीत होती. मी त्यांना म्हणालो, निघा इथून. आणखीही बोललो. ते इथे सांगण्यासारखे नाही आणि म्हाताऱ्या माणसाला बोलण्यासारखेही नव्हते. त्यांनी ऐकून घेतले. गाडीवर बसले आणि गाडी वळवू लागले.

त्यांच्या गाडीतून टिकटिक येत होती. मी थांबा म्हणालो. ते घाबरले, त्यांना वाटले मी मारणार. मी गाडी बंद करून त्यांना खाली उतरवले, पट्टी काढली. कोरडी ठणठणीत. शेवटचे ऑईल कधी बदलले, विचारले. त्यांना आठवेना, ते सगळे मुलगा बघतो म्हणाले. मी म्हणालो, या गाडीवर तुम्हाला जाऊ देता येणार नाही. त्यांच्यावर दया आली म्हणून नव्हे. माझ्या मनात त्या वेळी त्यांच्याबद्दल काहीच चांगले नव्हते. कोरडी पट्टी बघितल्यावर मला गाडी सोडता येत नाही, तेवढेच.

शेल्फवर पुढचे डबे संपले होते. मी मागे हात घातला आणि डबा काढला. त्यावर 'ठकी' लिहिलेला कागद होता. झाकणाचे सील फोडलेले नव्हते.

म्हातारबांनी मला स्टुलावर बसवले असे आठवते. माठातले पाणीही त्यांनीच दिले. काय झाले मिस्त्री, असे विचारत होते. थोड्या वेळाने मी उठून दुसऱ्या दुकानातून ऑईल आणले, त्यांच्या गाडीत भरले, टॅपेट बसवले, इंजिन चालवून ऐकले आणि त्यांना जाऊ दिले. त्यांच्या सीटखाली चिठ्ठी लावली नाही.

संध्याकाळी सात वाजता मी वर गेलो. बायको ठकीचे कपडे घड्या करत होती. डबा तिच्यासमोर ठेवला आणि सांगायला लागलो. दोन वाक्यांतच तिला कळले. ती गॅरेजच्या हिशोबाची वही लिहिते, तिला माझी पद्धत माहीत आहे. तिने मला थांबवले. ती म्हणाली, "आज सांगू नका. आज मला ऐकवणार नाही. उद्या सकाळी सांगा, सगळं ऐकते."

आज सकाळी सहा वाजता तिने चहा ठेवला आणि म्हणाली, सांगा. मी सगळे सांगितले, एकोणीस तारखेची टिकटिकसुद्धा. तिने मधे एकही प्रश्न विचारला नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. मग तिने डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि खाली जाऊन उभी राहिली. आता ती बाहेर बाकावर बसली आहे.

आज सकाळी सव्वाअकरा वाजता ठाण्याच्या आवारात, दोन पंचांसमक्ष, ठकीची गाडी मी स्वतः उघडली. पट्टी कोरडी. खालचा बोल्ट सोडल्यावर अर्धा कप ऑईल निघाले, काळे, काकवीसारखे, आणि बोटावर चोळल्यावर धातूचा कीस चकाकत होता. या इंजिनात एक लिटर लागते. गाडी पडल्यावर सांडले असेल असे साहेब म्हणाले. इंजिनाला कुठेही चीर नाही, आणि लिटरभर सांडते तर रस्त्यावर डाग पडला असता. पंचनाम्यात डाग नाही. मीटर पंचेचाळीस हजार चारशे सदतीस. खरे ऑईल त्याआधी एक्केचाळीस हजार दोनशेला बदलले होते, ते बायकोच्या वहीत आहे. वही सोबत आणली आहे. न उघडलेला डबाही, त्यावरच्या कागदासकट, जमा केला आहे. तो कागद तपास झाल्यावर परत मिळावा. डबा नको.

साहेबांनी मला समजावून सांगितले की असे लिहून दिल्यावर माझ्यावरही कारवाई होऊ शकते, पाहिजे तर वकिलाला विचारून उद्या या. मला समजले आहे. उद्या नको. काम पुढच्या दिवसावर टाकायचे मी आता बंद केले आहे.

लेखनिकांनी एके ठिकाणी 'इंजिनात अचानक बिघाड झाल्याने' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहे. अचानक काही झाले नाही. सतरा दिवस गाडी माझ्या दारात रात्रभर उभी राहत होती आणि चार दिवस आधी तिने सांगितलेही होते. ऐकायला मी होतो.

टेम्पोचालकाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पहिल्या जबाबात केली ती मी मागे घेतो. त्याचा हात मोडला त्याला माझे बोलणे कारण नव्हते, ते आधी घडले. पण पाच दिवस कोठडीत तो माझ्या चिठ्ठीमुळे आहे. त्याला आज सोडता येत असेल तर आज सोडावे. त्याचे वडील त्याला न्यायला येतील तेव्हा त्यांना कोणी तरी सांगावे की गाडीची पट्टी दर आठवड्याला बघायची. मी सांगायला गेलो तर त्यांना बरे वाटणार नाही.

मला रडू आले का, असे साहेबांनी विचारले, लिहिण्यासाठी नव्हे, सहज. आलेले नाही. आतून सगळे जाम झाल्यासारखे वाटते. गार झाल्यावर सुटेल.

आणखी एक. हा जबाब सुरू होण्याआधीच लेखनिकांनी कागदाच्या तळाशी 'वाचून दाखवला, बरोबर आहे' अशी ओळ आणि आजची वेळ टाइप करून ठेवली होती. मला म्हणाले, "मिस्त्री, सही आत्ताच करून ठेवा, नंतर खोळंबा नको." त्यांची रोजची पद्धत असेल, मी त्यांना नावे ठेवत नाही. मी सही केली नाही. ती ओळ काढून टाकायला लावली. त्यांनी हात धुवायला साबणही पुढे केला होता, तो मी नको म्हणालो.

आता सगळे सांगून झाले आहे. बायकोला आत बोलावून तिच्यासमोर कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लावला. तिने दोन ठिकाणी मान हलवली आणि एका ठिकाणी बाहेर जाऊन परत आली, तेवढा वेळ वाचन थांबवले होते. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे. त्यानंतर मी सही केली आणि तारीख व वेळ शेवटी माझ्या हाताने लिहिली, दुपारचे एक वाजून वीस मिनिटे. सहीवर आणि तारखेवर काळा डाग पडला आहे. तो ठकीच्या गाडीतल्या ऑईलचा आहे आणि बोटे माझी आहेत. खाडाखोड समजू नये.